येशू ख्रिस्त : ऐतिहासिक चरित्राचा अभ्यास

इतर कोणत्याही प्राचीन व्यक्तीच्या चरित्राला लावले जाणारे पुराव्याचे नियम लावून केलेला नासरेथकर येशूच्या (सु. इ. स. पू. ६/४ – इ. स. सु. ३०) जीवनाचा अभ्यास. उपासनेतील येशू आणि साधनांच्या चिकित्सेतून दिसणारा येशू यांत अंतर असू शकते, या जाणिवेतून तो अठराव्या शतकात जर्मनीत सुरू झाला. ‘येशू होऊन गेला काय?’ हा या अभ्यासाचा मुख्य प्रश्न नाही. त्याचे होकारार्थी उत्तर आज श्रद्धावान व निरीश्वरवादी अशा बहुतेक सर्व तज्ञांना मान्य आहे. उपलब्ध वृत्तान्तांतील कोणता भाग येशूच्या हयातीपर्यंत पोहोचतो आणि कोणता भाग अनुयायांच्या पुढील पिढ्यांनी घडविला, हा खरा प्रश्न आहे. मराठी वाचकास तो परका वाटू नये. कारण चक्रधरस्वामी, नामदेव, चोखामेळा यांची चरित्रे अभ्यासताना तोच प्रश्न उभा राहतो. मराठीतील येशूविषयक चर्चा मात्र दीर्घकाळ निराळ्याच दिशेने गेली. तिचा विचार पुढे केला आहे.

साधने : येशूने स्वतः काही लिहून ठेवलेले नाही. त्याच्याविषयीचे सर्वांत जुने लेखन म्हणजे पौलाची पत्रे (इ. स. सु. ५०–६०). त्यांत येशूच्या चरित्राचे तपशील थोडे आहेत. परंतु शेवटचे भोजन, क्रूसावरील मृत्यू व येशूचा भाऊ याकोब यांचे उल्लेख आहेत, आणि याकोबाला तर पौल प्रत्यक्ष भेटला होता. चार शुभवर्तमानांपैकी मार्कचे सर्वांत आधीचे (सु. ७०) असून मत्तय व लूक यांची त्यानंतर दहावीस वर्षांत, तर योहानाचे पहिल्या शतकाच्या अखेरीस रचले गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मार्कमधील सु. ६६० वचनांपैकी सु. ६०० वचनांचा आशय मत्तयात आढळतो. त्यामुळे मत्तय व लूक यांनी मार्कचा ग्रंथ समोर ठेवून लिहिले, हे मत रूढ झाले. या दोघांत समान असलेला, पण मार्कमध्ये नसलेला जो मजकूर आहे, तो मुख्यतः वचनांचा आहे. तो एका हरवलेल्या वचनसंग्रहातून आला असावा, अशी उपपत्ती मांडण्यात आली व ‘स्रोत’ या अर्थाच्या जर्मन शब्दाच्या आद्याक्षरावरून त्या संग्रहास ‘क्यू’ असे नाव देण्यात आले. असा ग्रंथ प्रत्यक्षात सापडलेला नाही आणि सर्वच अभ्यासकांना ही उपपत्ती मान्यही नाही. तथापि केवळ वचनांचे संग्रह त्या काळी होत असत, हे ईजिप्तमधील नाग हम्मादी येथे १९४५ मध्ये सापडलेल्या थोमाच्या शुभवर्तमानावरून सिद्ध झाले. त्यात ११४ वचने असून कथाभाग जवळजवळ नाही.

ख्रिस्तीतर साधने मोजकी, पण महत्त्वाची आहेत. रोमन इतिहासकार टॅसिटस (सु. ११६) याने पंतय पिलाताच्या आज्ञेने ख्रिस्ताला देहान्त शासन झाल्याची नोंद केली आहे. ज्यू इतिहासकार फ्लेव्हिअस जोसीफस (सु. ९३) याच्या ग्रंथात येशूचा दोनदा उल्लेख येतो. त्यांपैकी मोठ्या उल्लेखात पुढील काळातील ख्रिस्ती लेखनिकांनी भर घातली आहे, हे उघड दिसते. याकोबाविषयीचा लहान उल्लेख मात्र सामान्यतः अस्सल मानतात. उत्खननांनी चरित्र सिद्ध होत नाही, परंतु त्याची पार्श्वभूमी पक्की होते. पिलाताच्या नावाचा शिलालेख १९६१ मध्ये सीझरिया येथे मिळाला. तर क्रूसावर दिलेल्या एका माणसाचे, टाचेत खिळा तसाच राहिलेले हाड १९६८ मध्ये यरुशलेमजवळ सापडले.

लीळाचरित्राचे उदाहरण : शुभवर्तमानांचे स्वरूप समजून घेण्यास महानुभावांच्या लीळाचरित्रासारखे दुसरे साधन मराठीत नाही. चक्रधरस्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर थोड्याच वर्षांत (सु. १२७८) म्हाइंभटाने, नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली, स्वामींना पाहिलेल्या व ऐकलेल्या माणसांना भेटून एकेक लीळा जमविली. पुढे खल्जींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली आणि अनुयायांनी स्मरणाने ती पुन्हा सिद्ध केली, असे परंपरा सांगते. स्मरणात जेथे फरक पडला तेथे तो लपविण्यात आला नाही. निरनिराळ्या व्यक्तींच्या ‘वासना’ म्हणून तो पाठांत नोंदविला गेला. हा प्रामाणिकपणा असाधारण म्हटला पाहिजे. शुभवर्तमानांतही एकच प्रसंग दोन-तीन रूपांत येतो. परंतु कोणते रूप कोणाच्या आठवणीतले, हे तेथे सांगितलेले नाही. बायबलचा अभ्यासक जे अनुमानाने शोधतो, ते लीळाचरित्राच्या अभ्यासकाला अनेकदा आयतेच मिळते.

साम्य एवढ्यावर थांबत नाही. लीळांतून केशवराज सूरी ऊर्फ केसोबास यांनी स्वामींची वचने वेगळी काढून सूत्रपाठ रचला. प्रसंग गळला आणि वचन उरले. ‘क्यू’ची कल्पना करताना अभ्यासकांच्या मनात नेमकी अशीच प्रक्रिया असते. केसोबासांच्याच दृष्टांतपाठात सूत्र व दृष्टांत स्वामींचे असून त्यांचा उलगडा करणारे ‘दार्ष्टांतिक’ केसोबासांचे आहे. (त्यातही दृष्टांत ११४च आहेत, हा अर्थात केवळ योगायोग.) आता मार्कच्या चौथ्या अध्यायातील पेरणाऱ्याचा दाखला पाहावा. त्यात बी चार प्रकारच्या जमिनीवर पडते, एवढी गोष्ट प्रथम येते. नंतर पाखरे म्हणजे सैतान, काटे म्हणजे संसाराची चिंता, असा शब्दशः उलगडा येतो. दाखला येशूचा आणि उलगडा आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीचा, असे मत सी. एच. डॉड व योआखिम येरेमिआस यांनी मांडले व ते बऱ्याच अंशी मान्य झाले. महानुभावांनी दार्ष्टांतिकाला स्वतंत्र नाव देऊन ते वेगळे ठेवले. शुभवर्तमानकारांनी ते मूळ वक्त्याच्याच मुखी घातले. दोहोंमागील वृत्ती एकच आहे, नोंदीची शिस्त तेवढी निराळी.

एक भेद मात्र विसरता येत नाही. चक्रधरस्वामींची वचने ज्या मराठीत उच्चारली गेली, त्याच मराठीत ती टिकली. येशू अरॅमाइक बोलत असे व शुभवर्तमाने ग्रीक भाषेत आहेत. म्हणजे त्याचे सर्वांत जुने वचनही आपल्यापर्यंत भाषांतरातूनच पोहोचते. ‘तलीथा कूम’, ‘इफ्फाथा’ असे काही अरॅमाइक उद्गार मार्कने तसेच ठेवले असून मराठी बायबलातही ते दिसतात. ग्रीक व हिब्रू मुळांवरून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर पंडिता रमाबाईंनी केडगाव येथे सिद्ध केले. ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

संशोधनाचा इतिहास : हेर्मान झामूएल रायमारुस (१६९४–१७६८) याने येशू स्वतः व त्याचे शिष्य यांच्या हेतूंत भेद केला. त्याचे लेखन त्याच्या हयातीत अप्रकाशित राहिले व लेसिंगने ते १७७४ पासून छापले. डाव्हिट श्ट्राउस याने १८३५ मध्ये चमत्कारकथांचा अर्थ ‘मिथ्य’ या कल्पनेने लावला : त्या फसवणूक नाहीत, तशाच घडलेल्या घटनाही नाहीत, जुन्या करारातील अपेक्षांनी भारलेल्या समाजाच्या त्या निर्मिती होत. या ग्रंथामुळे श्ट्राउसला अध्यापकपद गमवावे लागले. एर्नेस्त रनाँचे १८६३ मधील चरित्र कादंबरीसारखे वाचले गेले. अशा चरित्रकारांना येशूच्या जागी स्वतःचीच प्रतिमा दिसते, हे आल्बेर्ट श्वाइत्सरने १९०६ मध्ये इतक्या प्रभावीपणे दाखविले, की पुढे जवळजवळ अर्धशतक जर्मनीत असे चरित्र लिहिण्याचा उत्साह मावळला. रूडोल्फ बुल्टमानने शुभवर्तमानांतील लहान लहान कथाघटक सुटे करून प्रत्येकाचा मंडळीच्या जीवनातील उपयोग शोधला. त्याचाच शिष्य एर्न्स्ट केझमान याने १९५३ मध्ये हा संशय अतिरेकी असल्याचे सांगून प्रश्न पुन्हा खुला केला. यानंतरचे सर्वांत मोठे वळण म्हणजे येशूला त्याच्या ज्यू समाजात परत नेऊन पाहणे. गेझा व्हेर्मेश (१९७३) व इ. पी. सँडर्स (१९८५) यांच्या ग्रंथांनी ते घडविले. यहुदी धर्म म्हणजे शुष्क कर्मठपणा व येशू म्हणजे त्याविरुद्ध बंड, हे जुने चित्र आता टिकत नाही.

कसोट्या : वृत्तान्ताची विश्वसनीयता ठरविण्यासाठी काही कसोट्या वापरल्या जातात. त्यांपैकी दोन सोलापूर जिल्ह्यातील एका उदाहरणाने स्पष्ट होतील. चोखामेळा मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून दगावला (१३३८). नामदेवाने त्याची हाडे, त्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले म्हणून ओळखली व ती पंढरपूरला महाद्वारी आणून समाधी दिली, असे संतपरंपरा सांगते. भक्ताला स्वतःहून रचावीशी वाटेल अशी यातली गोष्ट भिंतीखालचा मृत्यू ही नव्हे. विठ्ठलाचा लाडका वेठीच्या कामावर चिरडून मेला, हे सांगणे परंपरेला जड जाणारे आहे. म्हणूनच ते खरे असण्याचा संभव अधिक. हाडांतील नामघोष हे त्या जड गोष्टीला भक्तीने दिलेले उत्तर होय. त्याविषयी इतिहासकार ‘घडले’ किंवा ‘घडले नाही’ असा निवाडा देत नाही. ते सांगणाऱ्यांची श्रद्धा काय होती, एवढे नोंदवितो.

येशूच्या बाबतीत हीच कसोटी त्याच्या बाप्तिस्म्याला लागू पडते. पापक्षालनासाठी योहान देत असलेला बाप्तिस्मा येशूने घेतला, हे मार्क सरळ सांगतो. मत्तयात योहान आधी आढेवेढे घेतो. लूक योहानाच्या कैदेची हकिगत आधी सांगून बाप्तिस्म्याचा उल्लेख ओझरता करतो. चौथ्या शुभवर्तमानात बाप्तिस्म्याचा प्रसंगच नाही. उत्तरोत्तर वाढत गेलेली ही अडचण मूळ घटनेची साक्ष देते. क्रूसावरील मृत्यू तर याहून अवघड होता. कारण ती गुलामांना व बंडखोरांना देण्यात येणारी अप्रतिष्ठेची शिक्षा होती. परस्परांवर अवलंबून नसलेल्या एकाहून अधिक साधनांत आढळणारी गोष्ट अधिक विश्वसनीय, ही दुसरी कसोटी. घटस्फोटाविरुद्धचे येशूचे वचन पौलाच्या पत्रातही येते व शुभवर्तमानांतही. मंगळवेढ्याच्याच दामाजीपंतांची कथा येथे ताडून पाहण्याजोगी आहे. दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे खुली करणारा पंधराव्या शतकातील अधिकारी व त्याची भरपाई करणारा विठू महार यांची जी कथा घरोघरी माहीत आहे, तिचा प्रसार मुख्यत्वे महिपतीच्या भक्तविजयातून (१७६२) झाला. म्हणजे घटना व हे कथन यांत सु. तीनशे वर्षांचे अंतर पडते. मार्क व येशू यांच्यातील अंतर सु. चाळीस वर्षांचे आहे. चाळीस वर्षे म्हणजे अचूकतेची हमी नव्हे. पण प्रत्यक्षदर्शी हयात असण्याइतका तो काळ आहे. अलीकडे मात्र एकेक वचन सुटे काढून तपासण्याच्या या पद्धतीवरच आक्षेप घेतले जातात. सामूहिक स्मृती तपशिलात चुकते, पण माणसाची एकूण ठेवण बऱ्यापैकी जपते. म्हणून वारंवार येणाऱ्या आकृतिबंधांवर अधिक भर द्यावा, असे डेल ॲलिसन यांच्यासारख्या अभ्यासकांचे मत आहे व ते योग्य वाटते.

या साऱ्यातून हाती लागणारे चरित्र त्रोटक, पण भक्कम आहे. येशू गालीलातील नासरेथचा. हेरोद राजा इ. स. पू. ४ मध्ये वारला व जन्म त्यापूर्वीचा, हे दोन शुभवर्तमानांत सुचविलेले आहे. मात्र लूकने सांगितलेली क्विरिनियसची शिरगणती इ. स. ६ मधील असल्याने जन्मकथांचा मेळ बसत नाही. योहानाकडून बाप्तिस्मा, देवाच्या राज्याची घोषणा, दाखल्यांनी शिकविणे, रोग बरे करणारा म्हणून ख्याती, बारा शिष्य, जकातदार व ‘पापी’ यांच्या पंक्तीला बसणे, यरुशलेमच्या मंदिरात केलेली कृती आणि वल्हांडणाच्या सुमारास पिलाताच्या हुकुमाने क्रूसावर मृत्यू (सु. ३० किंवा ३३) — एवढ्यावर बहुतेकांचे एकमत आहे. मृत्यूनंतर त्याचे दर्शन झाल्याची शिष्यांची खात्री होती, हेही ऐतिहासिक तथ्य होय. त्या खात्रीचे कारण काय, येथे इतिहासाची साधने थांबतात.

मराठीतील विचार : येशूचे पहिले मोठे मराठी चरित्र म्हणजे फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण (१६१६). ओवीबद्ध अशा या ग्रंथात चारही शुभवर्तमानांचे एक कथानक केले आहे. रेव्ह. ना. वा. टिळक यांनी आरंभिलेले व लक्ष्मीबाईंनी पुढे नेलेले ख्रिस्तायन याच भक्तिपर परंपरेतले होय. चिकित्सेची अपेक्षा अशा ग्रंथांकडून करणे गैर ठरेल.

वादाचा प्रारंभ १८३१ मध्ये मोरभट दांडेकर व जॉन विल्सन यांच्या मुंबईतील चर्चेने झाला. विष्णुबुवा ब्रह्मचारी यांच्या समुद्रकिनाऱ्यावरील १८५७ मधील सभांनी तो गाजला. पुराणांतील चमत्कार खोटे, तर बायबलातील खरे कसे, हा हिंदू पक्षाचा प्रश्न रास्त होता. परंतु दोन्ही पक्ष आपापल्या ग्रंथांकडे सबंध मान्य करावयाचे वा सबंध फेटाळावयाचे प्रमाण म्हणून पाहत होते. ग्रंथाचे थर उलगडावयाचे असतात, ही दृष्टी तेथे नव्हती. महात्मा फुल्यांनी येशूला बळीराजाच्या रूपात पाहिले; त्यातही प्रश्न पुराव्याचा नसून न्यायाचा होता.

पुढे वादाचा विषय ‘कोणी कोणाकडून घेतले’ हा झाला. फ्रांट्स लोरिन्झर याने १८६९ मधील आपल्या जर्मन भाषांतरात गीतेवर नव्या कराराची छाया असल्याचे म्हटले. लोकमान्य टिळकांनी गीतारहस्याच्या (१९१५) परिशिष्टात कालक्रमाच्या आधारे हे मत खोडून काढले. तेवढ्यावर न थांबता त्यांनी एसीन पंथाच्या द्वारे बौद्ध धर्माचाच परिणाम ख्रिस्ती धर्मावर झाला, असे प्रतिपादिले. खंडनाचा भाग आजही टिकतो. मंडनाचा टिकत नाही. १९४७ पासून मृत समुद्राजवळ सापडलेल्या व बहुतेक अभ्यासक एसीनांशी जोडत असलेल्या गुंडाळ्या पूर्णतः ज्यू परंपरेतल्या आहेत. त्यांत बौद्ध अंश दिसत नाही. अर्थात टिळकांपुढे हे साधन नव्हते. उलट बाजूने रा. गो. भांडारकरांनी १९१३ मध्ये, आभीरांनी बालदेवतेच्या उपासनेबरोबर ख्रिस्ताचे नावही आणले असावे, अशी शक्यता मांडली. हे अनुमानही पुढे मागे पडले. चिकित्सक पद्धतीचा आद्य पुरस्कर्ताही नामसाम्याच्या मोहातून सुटत नाही, याचे हे उदाहरण होय.

निकोलाय नोटोव्हिच याने १८९४ मध्ये, लडाखच्या हेमिस मठात येशूच्या भारतातील वास्तव्याचा ग्रंथ पाहिल्याचे प्रसिद्ध केले. माक्स म्यूलरने त्यावर तत्काळ शंका घेतली आणि पुढच्याच वर्षी जे. आर्चिबाल्ड डग्लस तेथे गेले असता मठाच्या प्रमुखाने असा ग्रंथ असल्याचे व नोटोव्हिचने सांगितलेली हकिगत साफ नाकारली. तरीही ही कथा मरत नाही. ग. दा. सावरकरांच्या ख्रिस्तपरिचय (१९४६) या पुस्तकात तर येशू जन्माने तमिळ हिंदू असल्याचे व क्रूसावरून वाचून तो हिमालयात आल्याचे म्हटले आहे. २०१६ मध्ये ते मुंबईत पुन्हा प्रकाशित झाले. वर सांगितलेल्या कसोट्यांपैकी एकही त्यास लावता येत नाही. कारण पहिल्या शतकातील कोणतेही साधन त्यामागे नाही.

निराळी वाट दोघांनी घेतली. विठ्ठल रामजी शिंदे (१८७३–१९४४) १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करीत होते. तेथील त्यांचे गुरू जे. एस्टलिन कार्पेंटर हे बौद्ध पाली ग्रंथांचे, तसेच पहिल्या तीन शुभवर्तमानांच्या परस्परसंबंधांचेही अभ्यासक होते. एकच माणूस त्रिपिटक व शुभवर्तमान यांना सारखेच नियम लावतो, हे शिंदे यांना तेथे प्रत्यक्ष पाहता आले. परतल्यावर त्यांचे आयुष्य मुख्यतः अस्पृश्यतानिवारणाच्या कार्यात गेले.

दुसरे म्हणजे पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठातील जेझुइट अध्यापक जॉर्ज सोआरेस-प्रभू (१९२९–९५). मत्तयाच्या जन्मकथांत ‘संदेष्ट्याचे वचन पूर्ण व्हावे म्हणून हे झाले’ असे पुनःपुन्हा येते. वचनावरून कथा रचली गेली, की कथेला वचन जोडले गेले? १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात त्यांनी दुसरा पर्याय बारकाईने सिद्ध केला. कॅथलिक अभ्यासकाला हे स्वातंत्र्य होते; कारण शुभवर्तमानांत येशू, प्रेषितांची शिकवण व लेखक असे तीन टप्पे असल्याचे रोममधील बायबल आयोगाने १९६४ मध्येच मान्य केले होते. या पद्धतीवर प्रभुत्व मिळविल्यानंतरच त्यांनी तिच्या मर्यादा दाखविल्या. ती ग्रंथाविषयी माहिती देते. पण ग्रंथ वाचकाकडून जे मागतो त्याला ती भिडत नाही, आणि दारिद्र्य व जातिभेद यांनी ग्रासलेल्या देशात तेवढ्याने भागत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

येशूच्या पंक्तिभोजनावरील त्यांचा निबंध या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. जकातदार व पापी यांच्याबरोबर जेवणे हा येशूच्या चरित्रातील अत्यंत सुनिश्चित भागांपैकी एक. विरोधकांनी त्यावरूनच त्याला खादाड म्हटल्याचे शुभवर्तमानांत नमूद आहे. सोआरेस-प्रभूंनी हे तथ्य दलित ख्रिस्ती लोकांच्या संदर्भात तपासले. सोलापूर व तेव्हाचे अहमदनगर येथील अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत महार व मांग समाजांतील कुटुंबे मोठ्या संख्येने आली होती, आणि पंगतीत कोणी कोठे बसावे हा प्रश्न धर्मांतराने आपोआप सुटला नव्हता. चोखामेळ्याची समाधी ज्या पंढरपूरच्या महाद्वारी आहे, ते मंदिरही अस्पृश्यांना १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर खुले झाले. कोणाबरोबर जेवावे याविषयीचे संकेत मोडणे म्हणजे समाजाची रचनाच मोडणे होय, हे यूरोपीय टीकाकारांना ग्रंथांतून शिकावे लागते. येथील वाचकाला ते ठाऊक असते. त्यामुळे या प्रसंगांचे ऐतिहासिक वजन जोखण्यास तो अधिक पात्र ठरतो, असा या विवेचनाचा रोख आहे. सोआरेस-प्रभूंचे निबंध त्यांच्या निधनानंतर पुण्याहून संग्रहरूपाने प्रसिद्ध झाले. ते इंग्रजीत आहेत.